माझा तुमच्यावर दात नाही

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.

सकाळी सहाला उठलो. चहा केला, एक कप. नऊला दातांच्या दवाखान्यात पोचलो. सव्वाबाराला परत आलो. जेवलो नाही, त्याचं कारण पुढे येईल. आता तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हे पत्र लिहायला बसलो आहे.

अक्का, तुम्हांला वाकून नमस्कार. पत्राच्या डोक्यावर आणखी जी मानाची अक्षरं लिहायची असतात ती तुमच्या बहिणीला पाठ होती, मला नाहीत. आमच्या घरून तुम्हांला आलेल्या प्रत्येक पत्राचा मजकूर तिचा असायचा आणि तळाशी 'मी ठीक' एवढे दोन शब्द माझे. (तेही ती कागद पुढे सरकवून बोट ठेवायची तिथे.) बत्तीस वर्षांत माझे असे दीड-दोनशे शब्द तुमच्याकडे जमा झाले असतील. आज एकदम त्याहून जास्त येणार आहेत, तेव्हा चष्मा घ्या आणि पाठीला उशी लावून बसा. गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखायचा की उजवा हे मला आठवत नाही, म्हणून दोन्हींची चौकशी करतो. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना? तुमच्या जिन्याचा कठडा हलत होता, तो पक्का करून घेतलात का? माझी तब्येत चांगली आहे. आज फक्त वीस मिनिटं तोंड मिटत नव्हतं. आता मिटतं.

हे वाचून तुम्ही हसाल, आणि हसायलाच हवं. ज्या माणसाचं तोंड उघडत नाही म्हणून एप्रिलमध्ये तुम्ही चहाही न घेता माझ्या दारातून निघून गेलात, त्याच माणसाचं तोंड मिटावं म्हणून आज एका डॉक्टरला आणि एका कारकून बाईंना घाम गाळावा लागला. पण मी क्रमाने सांगतो. तुम्ही मला लग्नाच्या दिवसापासून 'मापाडी' म्हणत आला आहात, आणि ते बरोबरच आहे. सदतीस वर्षं वजनमापे खात्यात दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडलो. मला मधूनच सुरुवात करता येत नाही. आधी शून्य ठरवावं लागतं.

सोमवारी दवाखान्यातून फोन आला. तिथे रजिस्टर सांभाळणाऱ्या बाई आपल्याच वयाच्या आहेत आणि त्यांचा आवाज असा आहे की फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी ऐकू येतं. म्हणाल्या, "मेमध्ये दोघांनीही दांडी मारलीत, आता नोव्हेंबरही बुडवणार का? शुक्रवारी साडेनऊ आणि दहा. लिहून ठेवते." दर सहा महिन्यांनी दात साफ करून घ्यायचे हा धाकटीचा नियम. (तुमची धाकटी बहीण म्हणून तुम्ही तिला धाकटी म्हणायचात, ऐकून ऐकून मलाही तीच सवय लागली, आणि ती म्हणायची, नवऱ्याने धाकटी म्हटलं की घरात कुणी थोरलीही आहे असं लोकांना वाटतं.) तिची वेळ आधी असायची आणि माझी नंतर, म्हणजे मी पळून जाऊ नये. एकदा गेलो होतो. तर मी फोनवर नेहमीसारखं "बरं" म्हणालो, आणि ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी दोघांच्या वेळा घेतल्या आहेत. लगेच उलट फोन करून सांगायला हवं होतं. फोनकडे पाहत बसलो, मग कुकर लावला.

दवाखान्याची बाहेरची खोली तुम्ही पाहिलेली नाही. बारा खुर्च्या, भिंतीवर एक मोठी लाकडी दाढ, आणि एक घड्याळ जे चार मिनिटं पुढे आहे. (मी दोनदा सांगून पाहिलं आहे.) आज माझ्याशिवाय तिघंजण होते: एक शिंपी, त्याची दाढ भरायची होती, एक बस चालवणारे गृहस्थ, नुसते दात घासून घ्यायला आलेले, आणि एक निवृत्त शिक्षिका, त्यांची कवळी सैल झाली होती. रजिस्टरच्या बाईंनी सगळ्यांच्या हातात एकेक छापील कागद दिला. डॉक्टरीणबाईंनी एक पाहणी चालवली आहे म्हणे. असेच साध्या कामांसाठी येणारे लोक, ज्यांची जबड्याबद्दल काही तक्रार नाही, त्यांच्यातल्या किती जणांचा जबड्याचा सांधा बिघडलेला आहे हे त्यांना मोजायचं आहे. हा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो. तिथे बोट टेकवून तोंड उघडलं की आतलं हाड सरकताना कळतं. (आता करून बघितलंत ना? सगळेच करतात.)

कागदावरचा पहिलाच प्रश्न होता: तोंड उघडताना आवाज येतो का? त्यावर त्या खोलीत जे सुरू झालं ते सांगून पटणार नाही. तिघंही कानापुढे बोटं लावून तोंड उघडू लागले, मिटू लागले, पुन्हा उघडू लागले. रस्त्यावरून काचेतून पाहणाऱ्याला वाटलं असतं की आत माणसं पोहायला शिकतायत. मग शिंपी एकदम ओरडला, "वाजतो! माझा वाजतो! ऐका हो," आणि त्याने आपला गाल बसवाल्यांच्या कानाशी नेला. बसवाल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा काय वाजला? ही तर शिट्टीसुद्धा नाही. माझा ऐका, गिअर पडल्यासारखा पडतो." खरंच पडत होता, मला दोन खुर्च्यांवरून ऐकू आला. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "माझा तीस वर्षं वाजतोय. मला वाटायचं, सगळ्यांचाच वाजतो." शिंपी म्हणाला, "मग डॉक्टरांना कधी बोलला नाहीत?" त्या म्हणाल्या, "कोणी विचारलं नाही." बसवाल्यांनी त्यांना हात जोडले, "बाई, मग तुम्ही आमच्या सीनियर." मी माझा तपासला नाही. चारचौघांत तोंड उघडायचं मला जमत नाही, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको.

पण एक गोष्ट मला पटली. खात्यात असताना दोन तऱ्हेच्या तपासण्या असायच्या. एक तक्रार आली म्हणून आणि एक आपली नेहमीची, वर्षाची. तक्रारीच्या तपासणीत चोर सापडायचे. नेहमीच्या तपासणीत साधी माणसं सापडायची, ज्यांचा तराजू केव्हापासून एका अंगाला झुकतोय हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नसायचं. रोज हाताळून हाताळून तो झुकाव त्यांच्या हाताला सरळ वाटायला लागलेला असायचा. मी शिक्का मारायचं नाकारलं की ते भांडायचे नाहीत, नुसते चकित व्हायचे. शिक्षिकाबाईंचा चेहरा मला तसा दिसला.

कागदावरचा नववा प्रश्न असा होता: आपण झोपेत दात खाता का? आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात: हे स्वतःला कळत नाही, तरी आपल्या खोलीत झोपणाऱ्या व्यक्तीला विचारून लिहावे. शिंप्याने लगेच मोबाइल काढून बायकोला विचारलं. तिने काय उत्तर दिलं ते कळलं नाही, पण त्याने "एवढं नाही, एवढं नाही" असं दोनदा म्हटलं आणि 'हो' वर खूण केली. बसवाले म्हणाले, आमच्याकडे मी एकटाच झोपतो, बाकीचे माझं घोरणं ऐकत जागे असतात. मी आठ प्रश्नांची उत्तरं लिहिली, नववा कोरा ठेवला, दहावा लिहिला.

साडेनऊला रजिस्टरच्या बाईंनी धाकटीचं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "तुमचं नव्हे, बाईंचं." मी म्हणालो, "आज मी आधी." (अक्का, हे खोटं नाही. पण खरंही नाही.)

डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या असतील. सगळ्यांना काका-मावशी म्हणतात. आधी दात मोजले, मग साफ केले, मग माझा कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, "काका, नववा राहिला. हा महत्त्वाचा आहे बरं का. दात खात असाल तर रात्री दातांवर चढवायचं एक झाकण करून द्यावं लागेल, नाहीतर सांधा आणखी झिजेल. काकू काय म्हणतात?" मी म्हणालो, "खातो म्हणाली." "कधी म्हणाल्या?" मी म्हणालो, "सव्वीस मार्च, पहाटे पावणेपाच." त्या हसल्या. म्हणाल्या, एवढं नेमकं उत्तर एकशे बत्तीस माणसांत कोणी दिलं नाही. आणि मग पेन टेकवून विचारलं, "आणि आता? हल्ली काय म्हणतात?"

अक्का, मला त्या खुर्चीतून पळता येण्यासारखं नव्हतं, मान मागे होती आणि छातीवर कागदाचा रुमाल अडकवलेला. मी दुसरीकडे पाहिलं. दुसरीकडे त्यांची मोजपट्टी होती. पारदर्शक, सहा इंची, शाळेतल्या कंपासपेटीत असते तशी. तिनेच डॉक्टरीणबाई लोकांचं तोंड किती उघडतं ते मोजत होत्या: खालच्या दातांवर पट्टीची कड टेकवायची आणि वरचे दात कुठे येतात ते वाचायचं. मी ती पाहिली आणि माझ्या तोंडून गेलं, "हिचं शून्य कडेला नाही." त्या म्हणाल्या, "म्हणजे?" मी म्हणालो, "शून्याच्या रेघेआधी कोरी जागा सोडलेली आहे. चार मिलिमीटर असेल. तुम्ही कड टेकवता, म्हणजे तेवढं कमी भरतं."

त्यांचा चेहरा उतरला. दुकानात वजन पालथं करून दाखवल्यावर दुकानदारांचा उतरायचा तसा. त्यांनी पट्टी उजेडात धरली, मग दुसरीने मोजली, मग स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "काका, एकशे बत्तीस माणसं." मला वाईट वाटलं. मी गप्प बसलो असतो तर ती मुलगी सुखी राहिली असती. म्हणून समजूत घालायला लागलो (मी, अक्का!), की चूक सगळीकडे सारखी आहे, ही सर्वांत चांगली चूक, प्रत्येक आकड्यात चार मिळवा, झालं. मग आम्ही दोघांनी तिथेच वही उघडली. आधी त्यांचा हिशेब असा निघत होता की साध्या कामाला येणाऱ्या दर दोघांत एकाचा सांधा बिघडलेला. त्यांतले काही नुसते 'तोंड पुरेसं उघडत नाही' म्हणून धरलेले होते, ते चार मिलिमीटरने सुटले. पण ज्यांचा सांधा वाजतो, दुखतो, जांभई देताना अडकतो, जबडा एका बाजूला तिरका जातो, ते तसेच राहिले. पाचांतले दोन. त्यांतल्या एकानेही आजवर कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन तर दोन, पण खरे दोन." मला ही मुलगी आवडली.

एवढ्यावर मी उठलो असतो तर पत्र लिहायची वेळ आली नसती. त्या म्हणाल्या, आता तुमचंच माप शून्यापासून घेते. घेतलं. एक्केचाळीस. त्या लिहायला लागल्या, तर मी म्हणालो, एका मापावर आमच्या खात्यात कधी शिक्का मारत नसत. तीन घ्यायची आणि सरासरी काढायची. त्यांनी दुसरं घेतलं. बेचाळीस. मी म्हणालो, अजून एक. तिसऱ्या वेळी मी जरा मन लावून उघडलं. कानापाशी काहीतरी घसरलं, सत्तेचाळीस भरले, आणि तोंड तिथेच राहिलं.

"मिटा आता काका," त्या म्हणाल्या. मिटेना. मी हाताने हनुवटी वर ढकलली. मिटेना. दुखतही होतं, पण त्याहून शरम जास्त. कल्पना करा: मान मागे, तोंड आ वासलेलं, लाळ गळतेय, आणि पट्टी अजून दातांवर उभी. डॉक्टरीणबाईंनी रजिस्टरच्या बाईंना हाक मारली, डोकं धरायला. त्या आत आल्या, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "अगं बाई! हे तर कधी ब्र काढत नाहीत. आज काय एवढं बोलले?" आणि माझं डोकं आपल्या पोटाशी घट्ट धरून उभ्या राहिल्या. अक्का, मार्चपासून मला कोणी धरलं नव्हतं. (तुम्ही जाताना खांद्यावर हात ठेवणार होतात, मग रागात विसरलात.) तसा धरलेला असताना, वर दिव्याकडे पाहत, का ते मला सांगता येत नाही, पण मी बोललो. तोंड उघडंच होतं. मी म्हणालो, "ती गेली."

हे दोन शब्द मी आजवर कुणालाही म्हटलेले नाहीत. तुम्हांला हॉस्पिटलातून फोन केला तो नर्सने केला. कचेऱ्यांमधून कागदावर लिहून दिलं. शेजाऱ्यांना आपोआप कळलं. आज पहिल्यांदा म्हणालो, आणि तोंड अडकलेलं असलं की 'त' निघत नाही, 'ग' निघत नाही, 'ल' तर नाहीच. बाहेर जे आलं ते ऐकून रजिस्टरच्या बाई डॉक्टरांना म्हणाल्या, "आई गं म्हणतायत." मी पुन्हा म्हणालो. "आई गंच म्हणतायत. फार दुखतंय हो त्यांना." तिसऱ्यांदा म्हणालो. (तीन मापं.) डॉक्टरीणबाई अंगठ्यांना कापड गुंडाळत म्हणाल्या, "आई आठवतेच काका अशा वेळी, आठवू दे," आणि दोन्ही अंगठे माझ्या खालच्या दाढांवर ठेवून जबडा आधी खाली आणि मग मागे असा दाबला. खट्‌ झालं. बसवाल्यांच्या गिअरपेक्षा मोठं. बाहेरून त्यांचाच आवाज आला, "वा!"

तोंड मिटलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी दुखण्याचं धरलं आणि मीही तसंच धरू दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हं, आता सांगा, काय म्हणत होतात?" आता त, ग, ल सगळं जागेवर होतं. मी म्हणालो, "काही नाही."

आणि बाहेर आल्यावर याहून वाईट झालं. रजिस्टरच्या बाई म्हणाल्या, "बाई आल्याच नाहीत. दहाची वेळ फुकट गेली." मी म्हणालो, "हं." "मग असं करते, अठ्ठावीसला तुम्हांला परत बोलावलंयच, दोघांनाही त्याच दिवशी देते. साडेनऊ त्यांना, दहा तुम्हांला, नेहमीसारखं." मी म्हणालो, "द्या." त्यांनी दोन कार्डं लिहिली. दुसऱ्यावर तिचं पूर्ण नाव आहे, सुंदर अक्षरात. ती दोन्ही आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहेत. तपासणीत मला एकदा असं एक वजन सापडलं होतं, वरचा शिक्का अस्सल आणि आत शिसं नाही. त्या दुकानदाराचं मी काही ऐकून घेतलं नव्हतं. आज वाटतं, दोन मिनिटं ऐकायला काय हरकत होती.

आता जे सांगायचं ते. एप्रिलमध्ये बॅग हातात घेऊन दारात उभं राहून तुम्ही मला विचारलंत, "शेवटी काय म्हणाली ती? माझं नाव काढलं का?" मी उत्तर दिलं नाही. तुम्ही म्हणालात, "अहो, निदान नाही तरी म्हणा! दगडसुद्धा आपटला की वाजतो." मी तरीही गप्प राहिलो, आणि तुम्ही म्हणालात की तुमचा माझ्यावर दात आहे, लग्नापासूनचा, कारण हा माणूस बोलत नाही, याच्याशी लग्न करू नकोस असं तुम्ही तिला सांगितलं होतंत. अक्का, माझा तुमच्यावर दात नाही. (आज मोजून घेतले आहेत, एकोणतीस भरले. त्यांतला एकही तुमच्यावर नाही.) तुमचा सल्ला बरोबर होता. तिने ऐकला नाही हे माझं नशीब.

सव्वीस मार्चला मी हॉस्पिटलात तिच्या पलंगाशेजारी खुर्चीवर बसलो होतो. जागायचं ठरवलं होतं, पण तीन रात्री झालेल्या होत्या आणि मला डोळा लागला. पहाटे तिने माझी बाही ओढून मला उठवलं आणि म्हणाली, "अहो, दात नका खाऊ." मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, पावणेपाच. मी "हूं" म्हणालो आणि पुन्हा झोपलो. सात वाजता नर्सने उठवलं तेव्हा ती नव्हती. एवढंच झालं. शेवटचं बोलणं हे, आणि त्याला माझं उत्तर ते. तुम्ही दारात उभं राहून विचारत होतात तेव्हा तुमच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की तुम्हांला काहीतरी जपून ठेवण्यासारखं हवं आहे. माझ्याकडे हे होतं. तुम्हांला दुःख होईल की हसू येईल, ते मला ठरवता आलं नाही, आणि मला जे ठरवता येत नाही ते मी बोलत नाही.

तब्येतीला जपा. जिन्यावरून उतरताना भिंतीच्या बाजूने उतरा. घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांगा, विचारली तर.

तुमचा,
मापाडी

ता. क. डॉक्टरीणबाईंनी दोन आठवडे मोठ्याने बोलायचं नाही, तोंड फार उघडायचं नाही आणि जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरायची असं सांगितलं आहे. मऊ खायचं. उतारवयात मला पहिल्यांदा बोलावंसं वाटलं, आणि नेमकं त्याच दिवशी गप्प राहण्याचं लेखी बजावलं गेलं. म्हणून पत्र. नाहीतर मी फोन केला असता. (नसता केला.)

ता. क. दोन. वर लिहिलेलं माप पूर्ण नाही. पाकीट बंद करण्याआधी ते पुरं करतो. "अहो, दात नका खाऊ" यानंतर ती आणखी दोन शब्द म्हणाली. ती म्हणाली, "अगदी अक्का," आणि नाकातून थोडी हसली. लहानपणी तुम्ही दोघी एका पलंगावर झोपायचात, तुम्ही झोपेत करकर दात खायचात, आणि ती तुम्हांला लाथ मारून गप्प करायची, हे तिने मला कितीदा तरी सांगितलं होतं. तुम्हांला ते आवडणार नाही म्हणून तुमच्यासमोर विषय काढायची नाही. हे मी दारात कसं सांगणार होतो? पण तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर 'हो' आहे. नाव काढलं. शेवटचा शब्द तुमचाच आहे.

ता. क. तीन. नवव्या प्रश्नातलं "आणि आता?" बाकी आहे, आणि स्वतःची साक्ष स्वतःच्या मापाला चालत नाही. तुम्ही सत्तावीसला संध्याकाळी याल का? मधल्या खोलीत तुमची सोय करतो, दार उघडं ठेवू. सकाळी सांगा, खातो की नाही ते. मग अठ्ठावीसला साडेनऊला दवाखान्यात जाऊ. तिच्या नावाचं कार्ड मी रजिस्टरच्या बाईंना परत देईन आणि 'ती गेली' हे दोन शब्द सांगेन. तुम्ही काही बोलायचं नाही, नुसतं शेजारी उभं राहायचं. मोकळी झालेली वेळ त्यांनी दिली तर तुमचाही सांधा दाखवून घेऊ. पाचांतले दोन, तेव्हा आपल्या दोघांत एक असायला हरकत नाही. हे लिहिताना आत्ता लक्षात आलं की तुम्हीही दात खाणाऱ्या, मग माझा आवाज कुठला आणि तुमचा कुठला हे सकाळी कोण सांगणार? पद्धत पूर्ण चुकलेली आहे. तरी या.

जबड्याला दोन्हीकडून गरम टॉवेलचा शेक द्यायला सांगितलं आहे, एका वेळी दोन्ही बाजू, पंधरा मिनिटं. त्याला दोन हात लागतात आणि लिहायला तिसरा, म्हणून थांबतो. गॅसवर पातेलं वाजू लागलं आहे. उठून टॉवेल पिळतो.